ग्रेडवाले बाबा

लंडनच्या आसपास, म्हणजे हॅरो, हाउन्स्लो, स्लाऊ, रेडिंग कुठेही, शनिवारी सकाळी एखाद्या चर्चच्या मागच्या हॉलबाहेर एक मराठी गृहस्थ उभे असलेले दिसतात. खांद्याला गुलाबी पिशवी, हातात थर्मास आणि डोळा दाराच्या वीतभर काचेला. काचेवर आतून कागद चिकटवलेला असतो. तो खास ह्यांच्यासाठी चिकटवला आहे हे ह्यांच्याखेरीज सगळ्या पालकांना ठाऊक असतं. पण कागदाचा एक कोपरा सुटलेला असतो. तेवढ्या फटीतून जे सात-आठ जोड घोटे दिसतात, त्यांतले आपल्या घरचे कोणते हे गृहस्थ बिनचूक सांगतात. डाव्या मोज्याला आदल्या रात्री घातलेला टाका त्यांच्या लक्षात असतो.

ह्यांना मी ग्रेडवाले बाबा म्हणतो. हल्ली त्यांची बायकोही तसंच म्हणते, फक्त ती स्वर जरा वेगळा लावते.

बाबा मुळात असे नव्हते. सोमवार ते शुक्रवार एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी, आणि नाचाशी संबंध म्हणाल तर गणपतीच्या मिरवणुकीत दोन हात वर करण्यापुरता. मुलगी चार वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिला जाळीचा फुगीर झगा घातलेली एक मुलगी दिसली आणि घरात रडारड झाली. "घाल तिला क्लासला, हौस फिटली की सोडेल," असं बाबा टीव्हीवरची मॅच न थांबवता म्हणाले होते. पुढे जे झालं त्यात मुलीचा दोष नाही, आणि क्लासच्या मिसचा तर नाहीच नाही. काही महिन्यांनी एक चिठ्ठी घरी आली आणि तीत लिहिलं होतं की ज्यांची इच्छा असेल त्यांना परीक्षेला बसता येईल.

मराठी मध्यमवर्गीय माणसाला कलेविषयी आदर असतोच. त्या कलेत परीक्षा असते असं कळलं की मग प्रेमही वाटू लागतं. बाबांनी मॅच थांबवली.

त्या रात्री त्यांनी रॉयल अकॅडमी ऑफ डान्सची सगळी शिडी खालून वर वाचून काढली. अगदी तळाला प्री-प्रायमरी, तिला पाच वर्षं पूर्ण हवीत. मग प्रायमरी, सहा पूर्ण. सात पूर्ण झाली की ग्रेड एक. अशा आठ ग्रेड. शिवाय ह्या आठांना समांतर दुसरी एक शिडी निघते ती वेगळीच. चाळीस गुणांना पास, पंचावन्नला मेरिट, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. हा शेवटचा आकडा वाचून बाबांना गहिवरून आलं. आपल्याकडेही डिस्टिंक्शन पंच्याहत्तरलाच होतं. एवढ्या दूर परदेशात, बर्फाळ रात्री, माणसाला आपलं कुणीतरी भेटावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ते मिसना भेटले. "तिला पाचवं लागलंय," त्यांनी सांगितलं. मिस म्हणाल्या, म्हणजे चारच पूर्ण आहेत. बाबा म्हणाले, हो, पण पाचवं चालू आहे. दोघेही खरं बोलत होते. मिस हसल्या आणि "लव्हली" म्हणाल्या.

ह्या मिस म्हणजे सत्तरीच्या, काटकुळ्या, पाठ अशी ताठ की त्यांच्याशेजारी उभं राहिलं तर आपणच पोक काढून चालतो असं वाटावं. त्या सगळ्याला लव्हली म्हणतात. मुलगी पडली तरी लव्हली, उठली तरी लव्हली. बाबांनी त्याचाही अभ्यास केला आहे. नुसतं "लव्हली" म्हणजे बरं. "लव्हली, डार्लिंग" म्हणजे बरं नाही. "लव्हली, आता दुसऱ्या पायाने" म्हणजे पहिल्या पायाने जे केलं त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. आणि मिस काहीच न बोलता नुसत्या बघत राहिल्या तर ते डिस्टिंक्शन. अशी शांतता बाबांनी अजून अनुभवलेली नाही, पण दुसऱ्या एका मुलीच्या वाट्याला आलेली त्यांनी फटीतून ऐकली आहे.

बाबांच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. डावीकडे वय, वरती ग्रेड, मधल्या चौकोनांत रंग. हिरवा झालेल्याचा, पिवळा चालू असलेल्याचा, आणि उजव्या टोकाला सोनेरी चौकोनात 'सोलो सील'. ही ह्या परीक्षांमधली सगळ्यांत वरची पायरी, तिच्या खालची 'अॅडव्हान्स्ड टू' डिस्टिंक्शनने पास झाल्याखेरीज तिला हात लावता येत नाही. त्या चौकोनाखाली बाबांनी महिना आणि वर्षसुद्धा घालून ठेवलं आहे. ज्या मुलीसाठी ही तारीख मुक्रर झाली ती त्या सुमारास वरच्या मजल्यावर मांजराला टोपी घालत होती.

भारतात असताना बाबांच्या बहिणीने भरतनाट्यम केलं होतं, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत, विशारदपर्यंत. त्यामुळे कुठलीही इंग्रजी ग्रेड समोर आली की बाबा तिचं आधी आपल्या चलनात रूपांतर करून घेतात. प्रायमरी म्हणजे प्रारंभिक. ग्रेड दोन-तीन म्हणजे प्रवेशिका. पाच म्हणजे मध्यमा पूर्ण धरायला हरकत नाही. मग आठवी ग्रेड म्हणजे विशारद की अलंकार, ह्या प्रश्नावर त्यांनी एकदा मिसना पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं उभं केलं होतं. मिसना प्रश्न कळला नाही, पण इतक्या कळकळीने आपल्याला कुणी काही विचारलेलं नाही हे मात्र कळलं.

एवढी शिडी पाठ असूनही बाबांना एका गोष्टीने फार सतावलं आहे. ती म्हणजे वर्गात प्रत्यक्ष काय चालतं.

प्रायमरीत मुलगी गुडघे वाकवायला शिकली. पाठ सरळ, टाचा जमिनीला, गुडघे पावलांच्या वर, हळूहळू खाली आणि हळूहळू वर. बाबांना वाटलं, चला, हे झालं. पहिल्या ग्रेडला ते फ्रेंच नावाने आलं, प्लिए. दुसऱ्या ग्रेडला पुन्हा प्लिए. तिसऱ्या ग्रेडला बाबांनी फटीतून पाहिलं तर बाई आधाराच्या दांड्याला, म्हणजे बारला, धरून प्लिए. "अहो, हे तिचं झालंय," असं ते दाराबाहेर पुटपुटले. शेजारी बसलेल्या एका इंग्रज आजींनी लोकर विणता विणता त्यांना सांगितलं की कॉव्हेंट गार्डनला ज्या नाचतात त्यासुद्धा रोज सकाळी बारला उभ्या राहून आधी प्लिएच करतात. चाळिशीतल्या सुद्धा. बाबा सुन्न झाले. गणितात बेरीज संपते, मग गुणाकार येतो. इथे सातव्या वर्षी जी बेरीज सुरू झाली ती निवृत्त होईपर्यंत चालूच, आणि दर वर्षी त्याच बेरजेचे गुण!

आता खरं सांगायचं तर बॅलेचं प्रगतिपुस्तक असंच असतं. नव्या गोष्टी येतात, नाही असं नाही. पाय सरकवत पुढे ताणायचा तो तांदू, एका पायावर उभं राहून दुसरा मागे लांबवायचा ते अराबेस्क, मग उड्या, मग गिरकी. पण खरी वाढ होते ती जुन्याच गोष्टीत. मागच्या वर्षी पाय पुढे जाताना खांदा वर जायचा, ह्या वर्षी जात नाही. मागच्या वर्षी खाली बघावं लागायचं, ह्या वर्षी मान वर ठेवूनही पाऊल कुठे आहे ते कळतं. आठ वर्षांच्या मुलीला एवढं जमायला चांगलं वर्षभर लागतं, आणि ते झालं आहे हे ओळखायला बघणाऱ्याला त्याहून जास्त. बाबांना दिसतं ते लिओटार्डचा रंग बदलला का, आणि बुटाला टाच आली का. पहिल्या ग्रेडपासून कॅरेक्टर डान्स नावाचा भाग असतो, पूर्व युरोपातल्या लोकनृत्यांच्या धर्तीवर. त्याला काळा घेरदार परकर, खाली रंगीत फिती आणि टाचेचे काळे बूट लागतात. ते बूट घरात आले त्या दिवशी बाबांनी भारतात फोन केला. टाच ही डोळ्यांना दिसणारी प्रगती होती.

मग बाबांनी टर्नआउट हाती घेतला. बॅलेत दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळलेले हवेत. पुस्तकातल्या चित्रात पावलं एका सरळ रेषेत, टाचेला टाच, एकशे ऐंशी अंश. बाबांनी कंपासपेटीतला कोनमापक काढला, मुलीला स्वयंपाकघरातल्या फरशीवर उभं केलं आणि मोजलं. एकशे पाच. पुढच्या रविवारी एकशे दहा. आलेख चढता होता. आठवडाभर बाबा खुशीत होते. शनिवारी त्यांनी आकडा मिसना सांगितला आणि मिस पहिल्यांदाच लव्हली म्हणाल्या नाहीत. पायाचं वळण पावलातून आणायचं नसतं, ते वर खुब्यातून यावं लागतं, आणि खुब्याचा सांधा ज्याचा त्याने जन्माला येतानाच आणलेला असतो. खुबा जेवढा वळतो त्यापेक्षा पावलं जास्त वळवली की मधल्या मधे गुडघा पिळवटतो. हे सगळं त्यांनी बाबांना स्वतः उभं राहून, सत्तराव्या वर्षी, बर्फाच्या पार्किंगमध्ये करून दाखवलं. कोनमापक परत कंपासपेटीत गेला. तक्त्यातला स्तंभ मात्र बाबांनी पुसला नाही, नुसता लपवून ठेवला.

उन्हाळ्यात सांगलीहून आजी आल्या. बॅलेविषयी त्यांचं मत एका वाक्यात होतं. "मुंडी न हलवता नाचतात तो काय नाच?" पण क्लासच्या दिवशी सूनबाई आरशासमोर मुलीचे केस आवळून, जाळी लावून, पंधरा-वीस पिना खुपसून घामाघूम झालेल्या त्यांनी पाहिल्या आणि त्या पुढे सरसावल्या. हातावर दोन थेंब तेल, एकदा फणी, केसांचा पीळ, स्वतःभोवतीच एक वेढा, पाच आकडे. दोन मिनिटांत अंबाडा तयार, आणि असा की गिरकी घेतली तरी ढळायचा नाही. क्लासमध्ये मिसनी त्याच्याभोवती फिरून पाहिलं. पुढच्या शनिवारी तीन इंग्रज आया आपापल्या मुली घेऊन पंधरा मिनिटं आधी आल्या, आणि आजींनी बाकावर बसून ओळीने चार अंबाडे घातले. बाबांनी त्यांना मध्येच विचारलं, "आई, ह्यांना काही चार्ज करायचं का?" आजींनी तोंडात धरलेला आकडा काढून फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

पण मुद्दा सोडतील तर त्या आजी कसल्या. रात्री जेवताना विषय निघालाच. "आपलं भरतनाट्यम काय वाईट आहे?" बाबा तयारीत होते. म्हणाले, "आई, अॅना पाव्हलोव्हा, जगातली सगळ्यांत मोठी बॅलेरिना, तिने 1923 साली इथे लंडनमध्ये उदयशंकरांबरोबर राधा-कृष्णाचा नाच बसवला होता. आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल, कलाक्षेत्रवाल्या, त्या आधी बॅलेच शिकल्या होत्या!" बाबांनी विजयाने वरण ओढून घेतलं.

आजींनी विचारलं, "मग?"

"मग काय?"

"मग शेवटी त्या कशाकडे वळल्या?"

त्यानंतर भाताचा विषय निघाला.

परीक्षेचा दिवस हा बाबांच्या वर्षातला दिवाळीचा पहिला दिवस. पहाटे चारला उठून तेवढं अभ्यंगस्नान घालायचं राहतं. गाडीत दोन जादा मोजे, जादा जाळी, सुई-दोरा, केळी, आणि मुलीचं वय सिद्ध करणारे कागद, जे कोणीही मागितलेले नसतात. परीक्षा घ्यायला बाहेरून एक बाई येतात. मुली चार-चारच्या घोळक्याने आत जातात, पुढे-मागे क्रमांकाची चिठ्ठी लावून. आत परीक्षक आणि संगीत लावणारा माणूस, बस्स. मिसनासुद्धा आत मज्जाव. आई-बापांचा तर प्रश्नच येत नाही. परीक्षकबाई टेबलावरची छोटी घंटा वाजवतात, मुली दाराबाहेर एकामागे एक उभ्या राहतात, पाठी ताठ होतात, त्या आत जातात आणि दार बंद होतं.

त्या दिवशी काचेवरचा कागद नवा होता. चारही कोपरे पक्के.

मग बाबा ऐकू लागले. "हं, हे प्लिए," ते शेजारणीला म्हणाले. "आता तांदू. आता पोर द ब्रा, हातांचं असतं ते." मिस स्वतः कोपऱ्यात खुर्चीवर बसून डोळे मिटून होत्या. बाबा मात्र हवेत तर्जनीने ताल धरून येरझाऱ्या घालत होते. मध्येच संगीत थांबलं. क्षण, दोन क्षण. बाबांचा चेहरा पांढराफटक. "पडली का काय?" शेजारीण म्हणाली, "लिहीत असतील हो." संगीत पुन्हा सुरू झालं, पण तोच तुकडा पहिल्यापासून. बाबांनी दोन घोट थर्मासमधले घेतले. तो चहा नसून उकळलेलं नुसतं पाणी होतं हे त्यांना घरी गेल्यावर बायकोने सांगितलं.

दार उघडलं. मुली बाहेर आल्या, आणि बाबांनी मुलीला भिंतीशी गाठलं.

"काय विचारलं?"

"काही नाही."

"मध्ये संगीत का थांबलं?"

"माहीत नाही."

"त्या कशा होत्या, कडक?"

मुलीने जरा विचार केला. "त्यांच्या कोटाला ना, घुबडाचं ब्रोच होतं. एक डोळा निळा आणि एक हिरवा."

घरी पोचेपर्यंत बाबांना परीक्षेतलं एवढंच कळलं.

काही आठवड्यांनी निकाल आला. चौऱ्याहत्तर. मेरिट.

ज्यांना चौऱ्याहत्तर आणि पंच्याहत्तर ह्यांमधलं अंतर कळत नाही त्यांनी दहावीला मुलगा बसवलेला नाही. बाबा खुर्चीत बसले. दहा सदरं असतात, प्रत्येकी दहा गुण. उभं राहण्याची ढब, ताबा, रेषा, लय, भाव, जागेचं भान असं वेगवेगळं. मुलीला सात ठिकाणी सात मिळाले होते, दोन ठिकाणी आठ, एका ठिकाणी नऊ. बाबांनी सातही सातांकडे आळीपाळीने संशयाने पाहिलं. ह्यांतल्या कुणीतरी एकाने दगा दिला होता.

"जागेचं भान फक्त सात?" ते ओरडले.

"तिला घरात सोफा दिसत नाही," त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या. "सात म्हणजे उदारच बाई म्हणायची. अहो, आणि आता पेढे करायचे की नाही ते सांगा, दूध आटत आलंय."

बाबांनी शनिवारी मिसकडे फेरतपासणीची चौकशी केली. मिस म्हणाल्या, "सेव्हंटी-फोर इज लव्हली." त्यांच्या लेखी खरंच होतं ते. ही मुलगी चौथ्या वर्षी दारातून आत यायला तयार नव्हती, आईचा दुपट्टा धरून बसली होती, हे त्यांना आठवत होतं. बाबांना ते आठवत नव्हतं. तेव्हा ते मॅच बघत होते.

पाचव्या ग्रेडच्या सुमारास रस्त्याला फाटा फुटतो. सहा, सात, आठ ह्या वरच्या ग्रेड एकीकडे. त्यांत लांब झुळझुळीत झगे असतात, सादरीकरण असतं, आणि त्यांचे गुण इथे विद्यापीठाच्या प्रवेशासाठीही धरले जातात. दुसरीकडे ती समांतर शिडी, अकरा वर्षांपासून पुढे. इंटरमीजिएट फाउंडेशन, इंटरमीजिएट, मग अॅडव्हान्स्डच्या पायऱ्या. हिला म्हणतात व्होकेशनल. हे नाव ऐकताच बाबांनी नाक मुरडलं. महाराष्ट्रात अकरावीला एमसीव्हीसी, म्हणजे व्यवसाय अभ्यासक्रम, कोण घ्यायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "नको नको, तिला रेग्युलर साइडच देऊ." पुढे आठवडाभराने त्यांना कळलं की ज्यांना नाच हाच धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी ती बाजू आहे, अभ्यास तिथलाच अवघड आहे, आणि पॉइंट शूजही तिथेच येतात. बाबांनी तक्ता उलटा केला. आणखी आठवडाभराने कळलं की फाउंडेशनची परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही, ती ऐच्छिक आहे. ह्या शब्दापाशी बाबा अडखळले. ऐच्छिक परीक्षा म्हणजे काय, असते ती परीक्षा आणि नसते ती सुट्टी, मधलं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पॉइंट शूजवर तर त्यांचा बायकोशी अबोला झाला. वर्गातल्या एका मुलीला परवानगी मिळाली, आपल्या मुलीला नाही. मिस म्हणाल्या, ती तयार झाली की घालेल. "तयार म्हणजे नेमकी तारीख कोणती?" तारीख नसते. अकराव्या-बाराव्या वर्षी पावलांची हाडं अजून पुरी भरलेली नसतात. घोटा, पोटरी, पोट, पाठ सगळ्यांनी आपापलं ओझं उचललं तरच सगळं शरीर त्या एवढ्याशा टोकावर तोलता येतं. बाबांची समजूत होती की त्या बुटात आत लाकूड असतं. एके दिवशी दुकानात जाऊन त्यांनी एक जोड हातात घेऊन ठोकून पाहिला. कापडाचे आणि कागदाचे थर, खळीने चिकटवून कडक केलेले, वरून साटीन. बस्स. तळव्यावर बूट बनवणाऱ्या कारागिराची खूण होती, कारण प्रत्येक कारागिराचा हात वेगळा आणि मोठ्या नर्तकी आपला कारागीर सोडत नाहीत. फिती लावलेल्या येत नाहीत, त्या घरी शिवायच्या असतात, आणि अनुभवी मुली दोऱ्याऐवजी दात साफ करायचा फ्लॉस वापरतात, कारण तो तुटत नाही. बाबांनी फ्लॉसची सहा रिळं घेतली. बूट पुढच्या वर्षी, पण तयारी असलेली बरी. वहिनींनी ते फ्लॉस तोंडल्याच्या वेलाला बांधले आहेत.

मधे एकदा रविवारी सगळ्यांना घेऊन ते रिचमंड पार्कात गेले. सहल म्हणून सांगितलं होतं. खरं कारण असं की त्या उद्यानाच्या मधोमध व्हाइट लॉज आहे, दुसऱ्या जॉर्ज राजाने शिकारीसाठी बांधलेली हवेली, आणि 1955 पासून तिथे रॉयल बॅले स्कूलची लहान मुलं राहून शिकतात. अकराव्या वर्षी प्रवेश. बाबांनी फाटकाबाहेर गाडी लावली, धपाट्यांचा डबा उघडला आणि भारावलेल्या आवाजात मुलीला म्हणाले, "बघ." मुलगी बघत होती. गवतात पंचवीस-तीस हरणं होती आणि त्यांतल्या एकाच्या शिंगाला कुणाची तरी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. ती परतताना सबंध रस्ताभर त्या हरणाविषयीच बोलली.

वाचन मात्र बाबांनी सोडलेलं नाही. पीटर्सबर्गची बॅले शाळा 1738 सालची हे त्यांना माहीत आहे. तिथे दहाव्या वर्षी मुलांना घेताना डॉक्टर तपासतात आणि पाव्हलोव्हाला पहिल्या खेपेला नाकारलं होतं, हेही. ही दुसरी गोष्ट ते चौऱ्याहत्तर गुणांनंतर वरचेवर सांगतात. दिवाणखान्यात त्यांनी चित्रकार देगाच्या एका चित्राची प्रत लावली आहे, 1874 सालच्या 'द डान्स क्लास'ची. चित्रात म्हातारे नृत्यगुरू ज्यूल पेरो काठीवर रेलून उभे आहेत, एक मुलगी परीक्षेचा तुकडा करून दाखवते आहे आणि मागे भिंतीशी मुलींच्या आया ताटकळत बसल्या आहेत. देगाचा मित्र लुडोव्हिक हालेव्ही ह्याने तर अशाच एका आईवर, मादाम कार्डिनालवर, गोष्टी लिहिल्या. त्या आयांच्या काळज्या वेगळ्या होत्या. पॅरिसच्या ऑपेऱ्यात वर्गणीदार श्रीमंतांना पडद्यामागे मोकळीक असे, आणि गरिबाघरच्या मुलीची ग्रेड पुष्कळदा तिथे ठरे. बाबा हा भाग सांगत नाहीत. ते चित्रापाशी उभे राहतात आणि म्हणतात, "बघा, वीस-पंचवीस बायका आहेत, पण एकही बाप नाही." आवाजात खंत असते की अभिमान हे मला ठरवता आलेलं नाही.

त्याच पॅरिसने त्यांना शेवटचा धक्का दिला. ऑपेऱ्याची शाळा म्हणजे बाबांच्या स्वप्नातली. सहावी श्रेणी ते पहिली, दर वर्षी परीक्षा, आणि नापास तो बाहेर. पुढे कंपनीत गेल्यावरही हुद्दे, क्वाद्रीय, कोरिफे, स्युजे आणि प्रमिए, आणि तिथेही वर जायला परंपरेने अंतर्गत परीक्षा. बाबा वाचता वाचता मांडी सावरून बसले. "ह्याला म्हणतात सिस्टिम." मग वरच्या टोकाची पायरी आली. एतुआल, म्हणजे तारका. तिथे परीक्षा नाही. संचालकांना वाटलं तर ते एखाद्या रात्री, खेळ संपल्यावर, रंगमंचावरच जाहीर करतात.

"परीक्षाच नाही? मग देतात कशावरून?" त्यांनी मला रात्री अकराला फोन करून विचारलं.

"नाचावरून देत असतील."

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती नाचते. हल्ली बस-स्टॉपवर उभी असतानासुद्धा तिचं एक पाऊल आपोआप दुसऱ्याच्या पुढे येतं आणि मान लांब होते. ह्या वर्षी परीक्षेला नाही बसायचं, असं तिने मिसना परस्पर सांगून टाकलं आहे, आणि मिस लव्हली म्हणाल्या आहेत. बाबांनी हे शांतपणे घेतलं ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. त्याचं कारण परवा कळलं. धाकटा आता पाच वर्षांचा झाला आहे, आणि बाबांनी नवा तक्ता उघडला आहे. "मुलगे फार कमी असतात ह्या लाइनला," त्यांनी मला समजावलं. "आपल्या बॅचला सतरा मुली आणि हा एक. स्पर्धा जवळजवळ शून्य. 'बिली एलियट' पाहिलात ना?" स्वतः त्यांनी तो सिनेमा तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा बिलीच्या बापासाठी रडले आहेत.

धाकटा पहिल्या दिवशी स्पायडरमॅनचा शर्ट घालून आत गेला. मिसनी मुलांना घोडे व्हायला सांगितलं होतं. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा बाकीच्या सगळ्या मुली रांगेत उभ्या राहून निरोपाचं वाकत होत्या, आणि हा अजून हॉलभर दौडत होता. बुटाची नाडी सुटलेली, तोंडाने टापांचा आवाज चालू. मिस त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. काहीच बोलत नव्हत्या.

बाबांनी वही काढली. "मिस," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हा घोडा कुठल्या ग्रेडला येतो?"